भीमसेनांकडे कुठे होती डिग्री?

गुरुपौर्णिमा आली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरतो. सारांश असा: संगीत गुरूच्या पायाशी बसून शिकायचं, विद्यापीठात नव्हे. भीमसेनांकडे कुठे होती डिग्री? स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या खुणा, घोकून कुणी गवई होत नाही. हौस असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा द्या, ती आणि बीए एकच. आणि डिग्री घेऊनही शेवटी शाळेत प्रार्थनाच शिकवायचीय. यंदा तो माझ्या आत्यानेच पाठवला. माझं एमए संगीतातलं, राहतो पुण्यात, गप्प बसवेना.

पदवी भीमसेनांकडे नव्हती, खरंय. पण घरातून पळालेला तो अकरा वर्षांचा मुलगा गुरू शोधत हिंडताना ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात काही काळ शिकला होता. १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने निघालेली ही रीतसर शाळा. भीमसेन घडले पुढे कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे, हेही खरं. कुमार गंधर्व तर मुंबईत देवधर मास्तरांच्या स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्येच वाढले. गायिका प्रभा अत्रे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकल्या, सरगमवर (स्वरांची नावं घेत गाण्यावर) डॉक्टरेट केली आणि एसएनडीटीत संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. गुरू आणि संस्था यांच्यात फॉरवर्डवाल्यांनी घातलेली भिंत या मंडळींना दिसली नसावी. पुणे विद्यापीठाचं १९८७ सालचं ललित कला केंद्र तर नावापुढे ‘गुरुकुल’च लावतं. आत्याला फोन करून विचारलं, तू गाणं कुठे शिकलीस? म्हणाली, भारत गायन समाजाच्या संगीत विद्यालयात, फी भरून. म्हटलं, बरं.

स्वरलिपीचा मुद्दा मात्र मला मनापासून आवडतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. एमएच्या पहिल्या वर्षी आम्हाला दरबारी रागातली एक बंदिश ऐकून लिहून काढायला सांगितली होती. मी गंधाराखाली (‘ग’खाली) कोमलची आडवी रेघ मारली, मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांखाली टिंबं दिली, मींडेवर (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर) चाप काढला आणि वही मॅडमसमोर सरकवली. त्यांनी पाहिली, म्हणाल्या, “बरोबर आहे. आता जौनपुरी रागातला गंधार लिही.” लिहिला. तोच ग, खाली तीच रेघ. “आता दोन्ही गाऊन दाखव.” गाताना दरबारीचा खाली उतरून झुलायला हवा आणि जौनपुरीचा तसा झुलून चालत नाही, कागदावर दोघे जुळे भाऊ! त्यानंतरचे तीन तास वर्गात रेघेत काय मावत नाही यावरच बोलणं झालं. स्वरलिपीतून गवई होतो असा दावा विद्यापीठात मी कुणाकडूनही ऐकलेला नाही. तिच्यावर विसंबू नये हे मात्र तिथेच शिकलो.

विशारद आणि बीए एकच, हे चटकन सांगून संपवतो. मंडळाची परीक्षा चांगलीच, मीही दिलीय. पण कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर साधारणपणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे.

राहिली नोकरी. इथे फॉरवर्डवाल्यांशी फारसं भांडण नाही. जागा कमी. एका कॉलेजात मी दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मानधन सहा-सहा महिने यायचं नाही. मैफलीला बोलावणारा गुणपत्रिका मागत नाही, आणि आकाशवाणीची ऑडिशनही गळ्यावरच ठरते. पण तासिका तत्त्वाची रड मराठीवाल्याची आणि इतिहासवाल्याचीही आहे. म्हणून इतिहास विद्यापीठात शिकू नये, असं कुणी फिरवत नाही.

‘प्रार्थनाच’ मधला तो ‘च’ तेवढा खटकतो. सकाळी साडेसातला झोपाळलेली चाळीस मुलं एका पट्टीत आणून दाखवा. पेटीच्या काळी चारला सुरू झालेली प्रार्थना तिसऱ्या ओळीला पांढरी पाचवर घसरलेली असते, आणि पेटीवाले सर अजून काळी चारच दाबून धरून बसलेले असतात.