९८ सेंटचं तिकीट आणि लातूरचं एफएम

एफएमवर मराठी गाणी किती वाजतात, हा महाराष्ट्रातला वाद काही संपत नाही. त्यात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अमेरिकेत बघा, गावागावाला स्वतःचं स्टेशन!’ मग शिकागोतल्या ‘द लूप’चं काय झालं, तेही बघायला हवं.

हे ९७.९ मेगाहर्ट्झवरचं रॉक स्टेशन. १२ जुलै १९७९ ला कॉमिस्की पार्क मैदानावर शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे एका तिकिटात दोन सामने होते. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना होती. ९८ का, तर फ्रिक्वेन्सी ९७.९. मधल्या वेळेत निवेदक स्टीव्ह डालने तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली, लोक मैदानात घुसले, हिरवळीची वाट लागली आणि व्हाइट सॉक्सला दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला. (डिस्कोवरचा हा राग कृष्णवर्णीयांच्या आणि समलिंगींच्या संगीतावरचा होता, असं म्हणणारे आजही आहेत, आणि ते उगाच म्हणत नाहीत.) शहराला वेड लावायची ताकद या स्टेशनात होती, एवढं मात्र खरं.

मार्च २०१८ मध्ये ते विकलं गेलं आणि त्या जागी देशभर एकच ख्रिस्ती भक्तिसंगीत वाजवणारं नेटवर्क आलं. क्लासिक रॉकचे श्रोते शिकागोत उरले नव्हते असं नाही, ९७.१ वर तो आजही वाजतो. श्रोत्यांना दाद मागायला जागा मात्र नव्हती. स्टेशनाने कुठलं संगीत वाजवायचं ते बाजार ठरवेल, ही रेडिओला परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाची भूमिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच मान्य केली होती.

बाकीचं काम अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने केलं. आधी एका मालकाला देशभरात ४० स्टेशनं ठेवता येत. ती मर्यादाच गेली. मग व्हॉइस ट्रॅकिंग बोकाळलं. निवेदक दोन गाण्यांमधली दहा-बारा सेकंदांची वाक्यं सलग रेकॉर्ड करतो, सॉफ्टवेअर ती गाण्यांत पेरतं आणि चार तासांचा कार्यक्रम तासाभराच्या आत तयार होतो. त्यात ‘बाहेर पाऊस लागलाय’ हे वाक्य कधीच येत नाही, कारण रेकॉर्डिंग कालचं आणि निवेदक तिसऱ्याच गावातला. २०१७ मध्ये तर स्टेशनाच्या परिसरात मुख्य स्टुडिओ हवा, हा नियमही आयोगाने काढून टाकला.

आता आपल्याकडे या. एका कंपनीकडे देशातली १५ टक्क्यांहून जास्त चॅनेल नकोत, ही अट ऑक्टोबर २०२२ मध्ये गेली. एका शहरातली ४० टक्क्यांची अट अजून शाबूत आहे. आपल्याच चॅनेलांवर एकच कार्यक्रम फिरवायची मुभा २०११ च्या धोरणापासून आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ शहरांतल्या ७३० चॅनेलांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यात लातूर आहे, चंद्रपूर आहे. म्हणजे अमेरिकेने १९९६ मध्ये धरलेल्या वाटेला आपणही लागलोय, आणि भांडतोय गाण्यांच्या यादीवरून.

२०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा वृत्तविभाग हलवायचा निर्णय ओरड झाल्यावर थांबला. तिथे निदान जाब विचारायला मंत्री होता. खासगी चॅनेलबाबत जे काही मागायचं ते परवान्याच्या अटी ठरतानाच मागावं लागेल. अमुक टक्के मराठी गाण्यांची अट मुंबईतल्या सर्व्हरवरूनही आरामात पाळता येते. सकाळी सहा ते दहा लातूरच्याच स्टुडिओतून लाइव्ह बोला, ही अट तशी पाळता येत नाही.