परवानगी द्या, पण उन्हात द्या

स्थानिक वायनरीला शेतकरी आठवडे बाजारात वाईन विकू द्या, असा अर्ज तुमच्या टेबलावर आला तर नाही म्हणू नका. नाही म्हटलं की तुम्ही शेतकरीविरोधी, हो म्हटलं की संस्कृतीबुडवे. म्हणून हो म्हणा आणि एकही बाटली खपणार नाही अशी सोय करा. सोलापुरात हे काम सोपं आहे, निम्मं तर ऊनच करतं.

27 जानेवारी 2022 ची आठवण ठेवा. हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, गदारोळ झाला, उपोषणाचे इशारे आले, मग लोकांकडून हरकती मागवल्या. त्या फाईलला जेवढी थंड जागा मिळाली तेवढी वाईनला कधी मिळाली नाही.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा. पीकपाहणीत ‘द्राक्ष’ लिहिलेलं असेल. अर्जदाराला शांतपणे विचारा, ‘मालक, यात वाईन कुठं आहे?’ तो म्हणेल, वाईन द्राक्षाचीच होते. तुम्ही म्हणा, तसं लेखी आणा. राज्यात 2016 पासून भरणाऱ्या या बाजारांना सावता माळी यांचं नाव आहे, गाव अरण, तालुका माढा, म्हणजे आपलंच माणूस. तिथे द्राक्ष चालतं. चार किलो द्राक्षं वाळवून झालेला एक किलो बेदाणाही चालतो. सव्वा किलो द्राक्षं आंबवून भरलेली 750 मिलीची बाटली आली की मात्र मांडवाला धर्मसंकट पडतं.

जागा होम मैदानाची सुचवा. सिद्धरामेश्वरांचं देऊळ शेजारीच, त्यामुळे अंतराच्या नियमावर वेगळं बोलावं लागत नाही. दिवस निवडताना ड्राय डे बघा. आषाढी-कार्तिकी तर पंढरपूरमुळे घरचंच कार्य. दर गिऱ्हाईकाकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याखालचा पिण्याचा परवाना मागायला लावा, मेथीची जुडी पिशवीत टाकायच्या आधी. रांग चार माणसांची झाली की मागचे तिघं कांद्याकडे वळतात.

आता मुख्य हत्यार. स्टॉल एप्रिल-मेमध्ये द्या, वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, वर निळी ताडपत्री. बाटली साठवायची बारा ते पंधरा अंशांना, त्यामुळे फ्रीजसाठी वीजजोड मागतील. ‘मंडपाचा लोड वाढतो’ म्हणा. काही तासांत बाटलीतली वाईन फुगते, बूच वर सरकतं, गळ्याशी चिकट ओघळ येतो. असेच दिवस गेले की पांढरी वाईन पिवळसर पडते, वासाला शिजवलेल्या फळासारखी लागते. बाटली पारदर्शक असेल तर उत्तमच, उजेडानेही चव उतरते. एवढं झाल्यावर चाखणारा स्वतःच सांगेल, ‘काय बे हे, औषध हाय का?’ तुम्हाला बंदी घालावी लागत नाही.

एक धोका आहे. स्टॉलवाला हुशार निघाला तर थर्माकोलच्या पेटीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटल्या गळ्यापर्यंत बुडवेल. वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी आठ-दहा अंशांवर येते. म्हणून अटींमध्ये लिहा: बर्फ चालेल, पाणी नको, चिखल होतो. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, काच चारच ठिकाणी टेकते, गारवा आत जायला दुप्पट वेळ लागतो.

चाखायला तीस मिली, म्हणजे एका बाटलीत पंचवीस जणं. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी ठेवायला सांगा, स्थानिक उत्पादनाला चालना म्हणून. वाईन मात्र लाल आणि तुरट लावा. तुरटपणाने तिखट जास्त भाजतं, तिखटाने वाईन कडू लागते, दोन्ही स्टॉल एकाच घासात बदनाम. चुकूनही गार, किंचित गोड शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन ठेवू देऊ नका. ती त्या चटणीशी छान जमते आणि मग माणसं दुसऱ्यांदा येतात.

उद्घाटनाचं भाषण तुमच्याकडे आलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या बागायतदारांना आशा लावा. म्हणा, अवकाळीने तडकलेले घड आता वाईनला जातील. ऐकायला गोड आहे, टाळ्याही पडतात. तडकलेल्या मण्यातला रस उघडा पडतो, त्यावर माश्या बसतात, आणि पिंपात जायच्या आधीच त्याचा शिरका व्हायला लागतो हे वायनरीवाल्याला माहीत असतं, पण तो मंचावर तुमच्या शेजारी बसलेला असतो. आपल्या नान्नज गावाने दिलेली सोनाका ही द्राक्षाची जात ताटात आणि बेदाण्यात राणी. वाईनला मात्र लहान मणी, जाड साल, आत बी आणि बावीस ते चोवीस ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाने, गोडी लागते. रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो. जिबरेलिक हे वाढीचं संजीवक देऊन लांबवलेल्या, बी नसलेल्या पातळ सालीच्या मण्यात तो कुठून यायचा? अकलूजकडे सांजोव्हेसेसारख्या वाईनच्याच जाती वेगळ्या लावल्या आहेत, त्या याचसाठी. हे भाषणात घेऊ नका. ज्याच्याकडे थॉमसन ही खाण्याची जात आहे त्याने नवी बाग लावायची, खुंटावर कलम करायचं आणि पहिल्या चांगल्या तोडणीसाठी दोन-तीन वर्षं थांबायचं, एवढं ऐकून कोण टाळी देतो?

चार वाजता आवराआवर. न विकलेल्या पेट्या टेम्पोत उन्हातच राहू द्या, पुढच्या आठवड्यात त्याच आणायला सांगा. अहवालात लिहा: ‘ग्राहकांचा प्रतिसाद अत्यल्प.’ उघडलेल्या बाटल्यांना कागदाचा बोळा लावून ठेवा. या उकाड्यात आठवड्याभरात आंबट वास सुटतो, महिन्या-दोन महिन्यांत बऱ्यापैकी शिरका होतो. तो चटणीवाल्या मावशींना द्या, कांद्यावर घालायला. पुढच्या बाजारात त्यांनी तो बाटलीत भरून मांडला तरी उत्पादन शुल्कवाला बघून पुढे जाईल.