भेंडीला रविवार नसतो

भाजीपाला हा मुळात निवृत्त माणसांसाठी निर्माण झाला असावा, अशी माझी पक्की शंका आहे. पहाटे दवात खुडा, ऊन चढायच्या आत पाणी द्या, संध्याकाळी फवारा, रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. या वेळापत्रकात बँकेची नोकरी बसवायची कुठे? पण सांगलीत आमच्या घरामागे अर्धा गुंठा काळी माती रिकामी पडली होती आणि घरात सासूबाई होत्या. "विकतच्या मेथीला वास तरी येतो का गं हल्ली?" एवढंच त्या एकदा म्हणाल्या. नवरा लगेच पेपर वाचायला लागला, म्हणजे हे वाक्य कोणाच्या वाट्याला आलं ते ठरलं.

माझा बागेचा वेळ म्हणजे कुकरच्या पहिल्या आणि शेवटच्या शिट्टीच्या मधला. तूरडाळ शिजेपर्यंत शेती उरकायची. 'दिवसाला फक्त दहा मिनिटं द्या' असं सांगणारे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिलेत. ती दहा मिनिटं खुरपं शोधण्याच्या आधी सुरू होतात की नंतर, हे त्यांतला एकही माणूस सांगत नाही. आमच्याकडे खुरपं सापडतं तेव्हा कुकर थंड झालेला असतो.

त्यातून भेंडी. पेरल्यापासून दीड महिन्यात तोडायला येते, तोवर सगळं गोड. नंतर मात्र तिला दिवसाआड माणूस लागतो. शनिवारी बोटाएवढी कोवळी दिसली म्हणून सोडावी, तर मंगळवारी वीतभर वाढून विळीला दाद देत नाही. बरं, अशी जून भेंडी झाडावर राहिली की झाडाला वाटतं, बी धरलं, वंश मार्गी लागला, आता फुलं कशाला काढायची? मग फुलणंच आवरतं घेतं. म्हणजे मी रजेवर गेले की तीही रजेवर. आमच्या बँकेच्या भाषेत भेंडी म्हणजे पिग्मी: रोज थोडंथोडं, पण दारात जाऊन गोळा करावंच लागतं. हळद त्या मानाने शुद्ध मुदत ठेव. अक्षय्य तृतीयेनंतर कंद पुरायचे, मध्ये पाणी आणि थोडी मातीची भर, आठ-नऊ महिन्यांनी काढायचे. सांगलीत राहून हळद न येणं जास्त अवघड. अडचण एवढीच, की ही ठेव नेमकी मार्चच्या तोंडावर पिकते, आणि मार्चमध्ये बँकेतल्या माणसाला हळद काय, जेवणही आठवत नाही.

वेळ वाचवायचे सगळे उपाय मी केलेत. वांगी-टोमॅटोचं बी पेरत बसायचं नाही, रोपवाटिकेतून रोपंच आणायची. महिनाभराची मशागत तिथेच वाचते. वाफ्यात मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरायची आणि भरून झाकून ठेवायची. पाणी झिरपत राहतं, उन्हाळ्यात रोज पाइप धरून उभं राहायला नको. हा उपाय खरोखर उत्तम आहे. फक्त पहिल्या दिवशी सासूबाईंनी माठाच्या तिवईकडे पाहिलं, मग वाफ्याकडे पाहिलं, आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसरा उपाय उसाच्या पाचटाचा. आमच्या भागात पाचटाला कोणी पैसे घेत नाही, टेम्पोवाला घेतो. चार बोटं थर पसरला की ओल टिकते, तण दबतं, काळ्या मातीला भेगा पडत नाहीत. एप्रिल-मे मी अगदी निवांत होते. जुलैत कळलं, की त्या पाचटाखाली गोगलगायीही निवांत होत्या. उन्हाळ्यात वाचवलेला सगळा वेळ पावसाळ्यात व्याजासकट गेला. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून रात्री वाफ्याजवळ टाकायचं, त्याखाली त्या जमतात आणि सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकता येतात. सकाळी म्हणजे डब्याच्या वेळी, म्हणून मी रात्रीच जाते. नवरा बॅटरी धरतो. बागेतलं त्याचं हे अधिकृत पद आहे. "ही बघ, ही बघ" एवढं तो उत्साहाने म्हणतो, वाकत नाही.

शेजारचे काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या वाफ्यात एक पान वाकडं दिसायचं नाही. येणारेजाणारे विचारतात, खत कुठलं घालता? मला माहीत आहे: पेन्शन. मध्यंतरी त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "सूनबाई, तुझ्या चवळीवर मावा आलाय बघ. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाल, सकाळी फडक्यातून गाळ, जरासा साबण मिसळ आणि ऊन उतरल्यावर फवार." मी मान डोलावली. त्याच आठवड्यात शाखेत ऑडिट लागलं. घरी यायला रात्र व्हायची. निंबोळी पिशवीत आणि मावा चवळीवर, दोघं आपापल्या जागी सुखी. ऑडिट संपल्यावर जाऊन बघते तर शेंगा स्वच्छ आणि पानापानांवर लाल-काळे ठिपकेदार ढालकिडे. मावा हा त्यांचा आवडता खुराक. पिल्लांसकट पंगत उठलेली.

काका कुंपणावरून वाकून बघत होते. "कुठलं औषध मारलंस गं?"

"ऑडिट," मी म्हटलं. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं की काय, अशी मला भीती वाटते.

नोकरदार बाईची कदर करणारी भाजी एकच, दुधी. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे मी घरी येते तेव्हा. मागे इवलासा दुधी असलेलं फूल मादीचं, नुसत्या दांड्यावरचं नराचं. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादीच्या फुलाला परागकण टेकवायचे. खांद्यावर पर्स, हातात फूल, असा मी हा विवाह कैक वेळा लावला आहे. दुधीही मग भरभरून लागतात. शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा आणि दुधी सरळ फेकून द्यायचा, कारण कडू दुधी पोटात गेला तर दवाखानाच गाठावा लागतो. चव बघायचं काम नवऱ्याकडे आहे. बॅटरीनंतरची बढती.

आणि मेथी? ती थंडीत महिनाभरात खुडायला येते, पण एकदम पेरली की एकदम येते. म्हणून दर पंधरवड्याला एकेक ओळ पेरायची, हे मी कॅलेंडरवर सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहून ठेवलंय. सिलिंडर वेळेवर येतो.

खरं पीक येतं ते मी हात न लावलेल्या कोपऱ्यात. मोरीचं पाणी जातं तिथे अळू माजलंय. मायाळूचा वेल कुठल्याशा पाखराने आणला, त्याने कुंपण ताब्यात घेतलं. शेवग्याला तर पाणी घातल्याचंही मला आठवत नाही. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंट बसतात तेवढे दिवस आम्ही लांबून नमस्कार करतो. आपल्याला काय आवडतं ते लावणं ही वेळ असलेल्यांची चैन. आम्ही, ज्याला आमच्यावाचून काही अडत नाही, ते खातो. घरात आता तीनच ऋतू उरलेत: अळू, शेवगा आणि परत अळू. सासूबाई फदफद्यात मुळा, दाणे, चण्याची डाळ असं काय काय घालून त्याला वेगवेगळं भासवायचा प्रयत्न करतात. मुलगा वाटीत बघतो आणि मैत्रीपूर्ण आवाजात विचारतो, "आज पिझ्झा मागवायचा का?"

गेल्या आठवड्यात काका किल्ली घेऊन आले. लेकाकडे बेंगळुरूला चाललेत, महिनाभर. "तेवढी बाग बघशील ना? काही काम नाही गं. काकडी रोज तोडायची, वांग्याचा शेंडा माना टाकायला लागला की अळीसकट छाटायचा, मिरचीची पानं उलटून बघायची, कोथिंबिरीला हलकं पाणी, कारल्याची फळं..." कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. त्यांच्यामागे उभा राहून नवरा माझ्याकडे बघून जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता.

मी कागद घेतला. "काका, तुमच्याकडे अळू कुठल्या बाजूला आहे?"

"अळू? छे! मी नाही लावत असलं काही."

"मग अवघड आहे," मी म्हटलं.