आधी ग्राइंडर घ्या, मशीन नंतर

घरच्या कॉफीवरच्या एका लेखात म्हटलंय की घरी चांगली एस्प्रेसो (दाबानं काढलेली छोटी, दाट कॉफी) हवी तर महागडं मशीनच लागतं. मला हे अजिबात पटलं नाही. पैसे आधी ग्राइंडरवर, म्हणजे बिया दळायच्या यंत्रावर, घाला! मी नागपुरात, धरमपेठेत राहते. दोन वर्षं तयार पूड वापरली. दहा सेकंदांत पाणी भसाभसा खाली यायचं, चव आंबट आणि पांचट. मग हातानं फिरवायचा ग्राइंडर आणला, चिकमगळूरच्या बिया बारीक दळल्या. मशीन तेच, पण 18 ग्रॅम पुडीतून 28 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी, मधासारख्या संथ धारेनं. वर बदामी फेस. त्या दिवशी मी ती साखरेशिवाय प्यायले.

पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) लिहिलेली असेल तर ती पूड फिल्टर कॉफीलाच ठेवा.

फेसाळ दुधाच्या कॅपुचिनोसाठी दूध 60 ते 65 अंशांपलीकडे नेऊ नका, गोडवा जातो. आपल्याकडे मे महिन्यात ओटाच इतका तापलेला असतो की फेस धरायच्या आत दूध गरम होतं. म्हणून मी भांडंसुद्धा फ्रीजमध्ये ठेवते.

आणि मृग बहाराची संत्री आली की बर्फावर ताजा रस, त्यावर हळूच एस्प्रेसोचा एक शॉट. नक्की करून बघा.