'छोट्या टीमला डिप्लॉयमेंट टूल नको' या मेसेजला माझं उत्तर

पणजी-पर्वरीकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, मलाच तो तीन जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की पाच-सहा जणांच्या टीमला ऑटोमॅटिक डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर टूलने आपोआप चढवणं, नकोच, अनुभवी माणसाचा हात टूलपेक्षा भरवशाचा, टूल एका क्लिकमध्ये सगळं पाडतं, पासवर्ड टूलच्या हातात जातात, सेटअपला महिने लागतात आणि शेवटी माणसांच्या नोकऱ्या जातात. नवीन मुलं हे वाचून खरं मानतायत म्हणून लिहितोय.

आधी अनुभवी हाताचं बघू. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंगची मोठी कंपनी होती, तिथे काही अडाणी लोक बसलेले नव्हते. 2012 च्या जुलैअखेरीस त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायला घेतला आणि एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासून बघायचं असा लेखी नियमच नव्हता. 1 ऑगस्टला बाजार उघडला तेव्हा त्या आठव्या सर्व्हरवरचा कित्येक वर्षं बंद असलेला जुना कोड जागा झाला आणि साधारण 45 मिनिटं धडाधड ऑर्डरी टाकत सुटला, आणि त्यातून 46 कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. बाजार उघडायच्या आधीच काहीतरी चुकतंय असं सांगणारे 97 ईमेल सिस्टिमने पाठवले होते, पण त्यावर कोणी हललं नाही. वर घाईघाईत उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. यात कोडिंग कच्चं होतं असं नाही हो, आठापैकी एक जागा विसरली, आणि माणूस विसरतोच, पंधरा वर्षांचा अनुभव असला तरी.

आमच्याकडचंच सांगतो. हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर, दोन सर्व्हर, आणि डिप्लॉयमेंट करणारा एकच सहकारी, अतिशय हुशार आणि मनापासून काम करणारा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी त्याने रिलीज केला, म्हणजे नवा कोड चढवला, आणि वाळपईच्या आत त्याच्या घरी गेला. रात्री कळलं की एका सर्व्हरवर पेमेंटचं टेस्ट कॉन्फिग, म्हणजे चाचणीपुरती सेटिंग, राहिलंय, म्हणजे बुकिंग होतायत पण पैसे येतच नाहीत. त्याच्या घरी रेंज नाही. आम्ही चौघं जागे होतो पण हात लावायची हिंमत कोणाचीच नाही, कारण सगळ्या पायऱ्या त्याच्या डोक्यात. शेवटी शेजाऱ्यांकडून निरोप गेला आणि तो भर पावसात बाइकवरून पणजीत आला. घरात गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधणं चाललेलं आणि हा ऑफिसात. मला अजून त्याचा तो भिजलेला चेहरा आठवतो, आणि 'अनुभवी माणूस आहे ना' असं कोणी म्हटलं की राग येतो, कारण त्या माणसाचं काय होतं ते मेसेज लिहिणारा सांगत नाही.

टूल एका क्लिकमध्ये सगळं पाडतं, यात तथ्य आहे. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशिन बंद पडली. पण ते अपडेट टप्प्याटप्प्याने न सोडता एकदम सगळीकडे सोडलं म्हणून तेवढं पसरलं, आणि टप्पे ठेवायचे की नाही हे आपणच टूलला सांगतो. आमची पाइपलाइन, म्हणजे टूलमध्ये बसवलेल्या पायऱ्यांची साखळी, आधी एकाच सर्व्हरवर नवा कोड टाकते, लॉगिन आणि बुकिंगचं पान नीट उघडतं का बघते, आणि तेव्हाच दुसऱ्याला हात लावते. प्रत्येक रिलीज वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि चालू कुठला ते एक लिंक सांगते, त्यामुळे मागे जायचं तर फक्त लिंक फिरवायची. फक्त डेटाबेस असा मागे फिरत नाही, म्हणून त्यातला जुना कॉलम (माहितीचा रकाना) त्याच रिलीजमध्ये कधी उडवायचा नाही, नवा कोड स्थिरावला की पुढच्या वेळी. हे न पाळता टूल लावलं तर मार खाल, ते खरं.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचेच नसतात, टूलमध्ये त्यासाठी वेगळी बंदिस्त जागा असते. आमचे आधी एका टेक्स्ट फाइलमध्ये होते आणि अर्धे व्हॉट्सअ‍ॅपवर, ते जास्त सुरक्षित होतं का?

महिने वगैरे काही लागत नाहीत. आम्हाला चार दिवस लागले आणि त्यातले दोन फक्त त्या सहकाऱ्याला बाजूला बसवून पायऱ्या कागदावर उतरवण्यात गेले, एकूण तेवीस निघाल्या, आम्हाला वाटत होतं दहा असतील. अशा टूलांपैकी जेनकिन्स फुकट आहे, गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये खाजगी रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) फुकट खात्यावर टूल चालवायला महिन्याला 2000 मिनिटं मिळतात, आमच्यासारख्यांना पुरतात.

नोकरी कोणाचीच गेली नाही. फर्मागुडीच्या कॉलेजातून आलेल्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात स्वतः रिलीज केला, आणि तो सहकारी आता टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहितो, जे काम त्याला आधीपासून करायचं होतं पण वेळच मिळत नव्हता. गेल्या चवथीला तो पाचही दिवस घरी होता, फोन बंद, आणि तेवढ्यात आमचे दोन रिलीज झाले.