क्रूझवरून उतरून टूरचं वाटोळं कसं करावं

मे महिना लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून क्रूझचे ग्रुप निघतात. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. जहाजावर बिघडवायला फारसा वाव नसतो, तिथलं सगळं तेच लोक बघतात. आपल्या हातात उरतं ते बंदरावर उतरून केलेलं दिवसभराचं फिरणं. ते मातीत कसं घालायचं, याचं मार्गदर्शन पुढे केलं आहे. नुकतंच एका ग्रुपने हे सगळं कोणी न शिकवता करून दाखवलं, तेव्हा सूचना आजमावलेल्या आहेत.

महिना मेच धरा. पोरांना सुट्टी, लग्नसराई आटोपत आलेली, कोरडवाहू कपाशीच्या लागवडीला अजून वेळ. अंदमान समुद्रात नैऋत्येचे वारे मेमध्येच सुरू होतात आणि ऑक्टोबरपर्यंत फुकेतचा पश्चिम किनारा खवळलेला असतो, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पातोंगला जहाज थांबतं, पण तिथे मोठ्या जहाजासाठी धक्काच नाही. जहाज खाडीत नांगर टाकतं आणि माणसं टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने, किनाऱ्यावर जातात. लाट वाढली की ती बोट आणि जहाजाच्या दाराशी लावलेला फलाट वेगवेगळे वरखाली होतात, मधल्या फटीत पाय गेला तर हाड राहत नाही. म्हणून कॅप्टन टेंडर बंद करतो. तुम्ही मात्र रिसेप्शनला जाऊन ‘पैसे मोजलेत आम्ही’ म्हणून टेबल बडवा. बंदर गाळायचा अधिकार कॅप्टनला असतो, हे बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. पण अटी वाचायला आपण काय वकील आहोत? सहसा त्या बंदराचं शुल्क आणि जहाजाकडून घेतलेल्या टूरचे पैसे परत मिळतात. गावातल्या एजंटाकडून घेतलेल्या टूरचं काय होतं, ते एजंटालाच विचारा. फोन उचलला तर.

टेंडर चालू असेल तर चढताना एका हातात पर्स आणि दुसऱ्यात मोबाईल धरा. खलाशी मनगटाला धरून ‘थांबा’ म्हणतो आणि बोट फलाटाच्या पातळीला आली की ‘चला’ म्हणतो. तुम्ही ‘थांबा’लाच पाऊल टाका.

सिंगापुरात चघळायच्या तंबाखूला बंदी आहे, म्हणून पुड्या सामानात नीट लपवा.

पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं, जॉर्जटाऊनचं लिटल इंडिया पायी गाठता येतं. तेवढ्यासाठी तिथेही बस टूर घ्या.

टूर जहाजाकडून घेऊ नका, महाग असते. ती महाग का असते, याची चौकशीही नको. जहाजाच्या टूरवाल्यांना टेंडरला पहिला नंबर मिळतो. त्यांची बस घाटातल्या जॅममध्ये अडकली तर जहाज सहसा थांबतं. खासगी टूरसाठी ते थांबत नाही. एवढ्यासाठी कशाला जादा पैसे द्यायचे!

आणि टूर घ्यायची तर फी फी बेटांचीच. ब्रोशरवर तिथल्या माया बे या खाडीच्या हिरव्यागार पाण्यात पोहणाऱ्या माणसांचा फोटो असतो. तिथे पोहायला बंदी आहे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती खाडी दरवर्षी बंदच ठेवतात, आणि राष्ट्रीय उद्यानाची फी परदेशी माणसाला 400 बात (थायलंडचं चलन) आहे. ती टूरच्या पैशात धरली आहे का, हे आधी लेखी घ्यायचं नसतं. बेटावर उतरल्यावर, रांगेत, सगळ्यांसमोर भांडायचं असतं. आता हिशेब बघा. जहाज सकाळी नऊला लागलं आणि शेवटची टेंडर पाचला आहे, असं धरू. म्हणजे आठ तास. टेंडरचं टोकन, रांग आणि बोट यात एक तास. फी फीच्या स्पीडबोटी पूर्व किनाऱ्यावरून सुटतात आणि तुम्ही उतरलात पश्चिमेला, म्हणून घाट ओलांडून जेट्टी गाठायला एक तास. मग स्पीडबोटीचा एक तास. तीन जायचे, तीन यायचे. उरले दोन, त्यातला पाऊण तास बुफेच्या रांगेत. हा हिशेब चौथीतलं पोरगं करेल, पण घरातले मोठे करत नाहीत.

आता घड्याळ. फुकेतची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सिंगापूरहून सुटणारी कित्येक जहाजं आपलं घड्याळ बदलत नाहीत. रोज रात्री केबिनमध्ये जे पत्रक येतं, त्यात दुसऱ्या दिवशी जहाजावर कोणती वेळ चालणार ते छापलेलं असतं. त्या पत्रकात चिवडा बांधा. मोबाईल थायलंडचा टॉवर पकडतो आणि आपोआप एक तास मागे जातो. ज्याच्याकडे सिम नाही, त्याच्या मोबाईलवर सिंगापूरचीच वेळ राहते. म्हणजे एकाच कुटुंबात नवऱ्याचे चार आणि बायकोचे पाच वाजलेले असतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. शेवटची टेंडर पाचची असेल, तर नवऱ्याच्या मोबाईलवर पाच वाजतात तेव्हा जहाजावर सहा वाजलेले असतात. आपलं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून दिवसभर हात न लावणं हा उपाय आहे. पण तो फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

त्यानंतर दुकान. घाटाच्या अलीकडे एक रत्नांचं दुकान, एक काजूचं, एक चामड्याचं. गाईडला तिथे कमिशन असतं, म्हणून ‘फक्त वीस मिनिटं’ असं सांगून तो बस थांबवतो. इथे आपला जळगावचा माणूस खुलतो. सुवर्णनगरीतला माणूस! सराफ बाजारात हॉलमार्क बघितल्याशिवाय, दोन दुकानं फिरल्याशिवाय, घडणावळीवर तासभर घासाघीस केल्याशिवाय जो चिमूटभर सोनं घेत नाही, तो फुकेतला एसीत थंडगार सरबत पिऊन, ओळख ना पाळख अशा विक्रेत्याकडून नीलम घेतो. आणि त्या नीलमसाठी पंचेचाळीस माणसं बसमध्ये बसून असतात. ड्रायव्हर हॉर्न देतोय, गाईड आत-बाहेर करतोय, मागच्या सीटवरच्या आजीबाईंना लघवीला जायचंय, त्या लाजेने बोलत नाहीत. फोन लावला की ‘आलोच ना भो, पाच मिन्टं.’ पंचवीस मिनिटांनी हा पिशव्या घेऊन येतो आणि चढताना वर विचारतो, ‘काय झालं, येवढे का तापले सगळे?’

काय झालं? घाटात संध्याकाळचं ट्रॅफिक लागलं, ते झालं. जहाज म्हणजे अमळनेरच्या स्टँडवरची एसटी नाही, कंडक्टरला हात केला आणि थांबली. शेवटची टेंडर गेली की जहाजावरचे लोक तुमचे पासपोर्ट बंदरावरच्या एजंटाकडे उतरवून ठेवतात आणि नांगर उचलतात. मग हॉटेल तुमचं, सिंगापूरचं विमान तुमच्या खर्चाने, व्हिसा चालू आहे की नाही ती धाकधूक तुमची. पण तुमच्याबरोबर त्या आजीबाईही राहतात ना हो! त्यांची बीपीची गोळी केबिनमध्ये असते. त्यांनी कुठला नीलम घेतला होता?

तुम्ही एकट्याने पैसे भरलेले नसतात. बसमधल्या प्रत्येकाने भरलेले असतात, कोणी केळीच्या पिकाचे, कोणी निवृत्तीच्या फंडातले. गाईड वेळ सांगतो तेव्हा जागेवर ऐकून घ्या. बायकोला खरेदी करायची आहे हे कारण सांगू नका, ती बिचारी कधीच बसमध्ये येऊन बसलेली असते. शेवटच्या टेंडरच्या दीड तास आधी टेंडरच्या जेट्टीवर दिसा, जहाजाच्या वेळेने. आणि ग्रुपवाल्यांनो, तुम्हीही ‘जाऊ द्या, आपलाच माणूस’ म्हणून गप्प बसू नका. बस हलवा. रिक्षा, टॅक्सी करून येईल तो, नीलम घेण्याइतके पैसे आहेत त्याच्याकडे.