येसूचो गुडघो

सलूनातला नंबर गेला याचं मला काही वाटलं नाही, असं मी घरी सांगितलं. वाटलं. 2025च्या फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी मालवणात भरडावरच्या सलूनात पेपरातल्या छोट्या जाहिरातींसकट सगळं वाचून मिळवलेला नंबर कुणी डोळ्यांदेखत घेऊन जावा, आणि वर खुर्चीत बसून आरशातून मलाच फुटबॉल शिकवावा, हे विसरण्याइतका मी मोठ्या मनाचा नाही.

विषय आर्सेनलचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधल्या माझ्या संघाचा. संध्याकाळी सहाला लेस्टरशी त्यांच्या मैदानावर सामना, आणि आमच्याकडे पुढे खेळायला माणूसच शिल्लक नाही. साकाच्या मांडीमागची शीर डिसेंबरातच गेली, ऑपरेशन झालं. जेझुसचा गुडघा जानेवारीत. मार्टिनेल्ली न्यूकासलहून लंगडत आला. राहता राहिला हावेर्ट्झ. त्याला बाकीच्यांबरोबर दुबईला सरावाला नेलं, तर तिथे त्याचीही शीर फाटली. बरं, जानेवारीभर खेळाडूंचा बाजार उघडा होता. ऑली वॉटकिन्सला मागायला अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेले, ते नाही म्हणाले, आणि आमची मंडळी रिकामी पिशवी घडी करून परत. तोवर 2004 नंतर लीग जिंकलेली नव्हती, आधीची दोन वर्षं दुसरे. त्यात त्याच बुधवारी पहिल्या नंबरवरच्या लिव्हरपूलच्या हातातला विजय एव्हर्टनने 98व्या मिनिटाला काढून घेतलेला, म्हणजे अंतर फक्त सात गुणांचं. अशा वेळी पुढे खेळायला माणूस नाही! हे सगळं मी मित्राला तळमळून सांगत होतो. तो मँचेस्टर युनायटेडवाला. त्यांचा संघ गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात पडलेला, त्यामुळे तेव्हा त्याला दुसऱ्यांची दुखणी ऐकायला फार आवडतं.

बाकाच्या टोकाला एक तात्या बसले होते. गळ्यात टॉवेल, मांडीवर पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावणाऱ्या. त्यांचा नंबर माझ्यानंतरचा. हे लक्षात ठेवा.

"कोण पडलो म्हणालंस, झिला?"

"साका."

"साको? खंयचो? देवबागचो?"

"नाय तात्यानू, लंडनचो."

"थंय कामाक असा?"

"होय," मित्र गंभीरपणे म्हणाला. "उजव्या बाजूक."

"अरेरे. आणि?"

"मार्टिनेल्ली."

"मार्टिन पडलो? आवशीचो घोव! काल बाजारात दिसलो माका."

मी फुटबॉल, इंग्लंड, लीग असं सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी मयताच्या घरी हलवतात तशी मान हलवली आणि म्हणाले, "ता असो. आणि कोण?"

मी जेझुस म्हणणार, इतक्यात मित्राने मुद्दाम घोळ घातला. "येसू," तो म्हणाला. "गुडघो ग्येलो."

"येसू पडली?" तात्या अर्धवट उभेच राहिले. "तिचो गुडघो आधीच वायट! बांबोळीक नेल्यानी काय?"

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात हाड मोडलं, डोकं फुटलं, छातीत कळ आली, की पुढचा प्रश्न हाच: बांबोळीला नेलं का? म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेजात. इथून शंभरेक किलोमीटर, आणि दुसरं राज्य. गेल्या पावसाळ्यात मळ्यातल्या चिखलात सात-सात जणांची मॅच खेळताना आमच्या गोलकीपरचा गुडघा असाच फिरला. रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेला, तर एक्स-रे काढणारा रजेवर. दुसरीकडे नेला, तर हाडांचा डॉक्टर ठरावीक वारीच येतो. शेवटी बांबोळी. घरच्यांची मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं ते वेगळंच. पोरगा अजून पाय ओढत चालतो, आणि त्याच्या गुडघ्यात नेमकं काय तुटलं ते मला सांगता येत नाही, कारण त्याला कुणी नीट सांगितलेलंच नाही. जेझुसच्या गुडघ्यातला कुठला लिगामेंट तुटला ते मात्र मला पाठ आहे. त्याचं तेव्हा दर आठवड्याला पत्रकार परिषदेत सांगत होते.

आणि खेळणार तरी कुठे? सड्यावर जरा सपाट जागा दिसली की तिथे टेनिस बॉलच्या क्रिकेटचा मंडप, लाउडस्पीकर, आणि प्रत्येक चेंडूला घसा फोडणारा समालोचक. गोव्याची हद्द हाकेवर, तिकडे वाड्यावाड्यांतून फुटबॉल. बांद्याचा पूल ओलांडून इकडे यायला त्या चेंडूला कोण अडवतं कुणास ठाऊक. असो. तात्या.

तात्यांना येसू ती नव्हे हे अखेर पटलं, निदान मला तसं वाटलं. मग ते मुद्द्यावर आले. "म्हणजे राजा आजारी, प्रधान आजारी, सगळेच आजारी. आणि नाटक आज रातीक."

"तसाच."

"मगे नारदाक घाला."

तात्यांनी तरुणपणी दशावतारात स्त्रीपार्ट केले होते, ही माहिती आम्ही न विचारता मिळाली. एकदा कुठल्याशा जत्रेत राजाचं काम करणारा तापाने फणफणला. पेटारे उघडलेले, लोक बसलेले. "नारद उठलो. वीणा ठेवल्यान, मुकुट घातल्यान, तलवार घेतल्यान. आमच्यात लिवलेला खंय असता? तोंडाक येयत ता बोलाचा. उजाडासर एक माणूस हललो नाय! तुमच्यात मधी खेळणारो कोण असा? उंच?"

"मेरिनो असा. पण तो मिडफिल्डर."

"उंच असा मां?"

"सहा फुटांच्या वर."

"मगे घाला त्याका फुडे."

इथे माझा संयम सुटला. मी उठलो आणि आरशाखालच्या फळीवर रचनाच मांडली. पावडरचा डबा मधोमध, तो ट्रोसार्ड. डावीकडे तुरटीचा खडा, स्टर्लिंग. उजवीकडे लहान कंगवा, तो न्वानेरी, अवघ्या 17 वर्षांचा. पाण्याचा फवारा मागे, ओडेगार्ड. मेरिनो बाकावर. फोरवर्डचं काम म्हणजे सोंग नव्हे, पाठ गोलाकडे ठेवून बॉल धरायचा असतो, बचाववाल्याला ओढून न्यायचं असतं, असं मी सांगतो आहे, तेवढ्यात पाठीमागे सलूनवाल्याने खुर्ची झटकून विचारलं, "फुडे कोण?"

"ट्रोसार्ड," मी म्हणालो.

"मी," तात्या म्हणाले, आणि बसले.

मित्र हसून हसून बाकावरून घसरला. मी सलूनवाल्याकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "तुमचा चलांदे. आणि तो फवारो हाडा हय." तात्यांच्या तोंडाला फेस लागला, तरी आरशातून उपदेश चालूच. उंच माणूस बाकावर बसवतात काय, माणूस नाय तर माणूस करूचो लागता, आणि तुरटी खय ठेवलंस?

संध्याकाळी सामना पाहिला. सुरुवातीला पुढे कोण? ट्रोसार्ड. डावीकडे स्टर्लिंग, उजवीकडे न्वानेरी. माझ्या फळीवर होतं तसंच, अगदी तंतोतंत, आणि 69व्या मिनिटापर्यंत आमच्या प्रशिक्षकाचं, आर्टेटाचं, माझ्याशी एकमत होतं. हे लोक सोयीस्करपणे विसरतात. 69व्या मिनिटाला त्याने स्टर्लिंगला काढून मेरिनोला आणलं, आणि मधे नाही, सगळ्यांच्या पुढे उभा केला. हाच मेरिनो नवा आला तेव्हा पहिल्याच सरावात आमचाच गॅब्रिएल अंगावर पडून त्याचा खांदा मोडला होता. आम्हाला जखमी व्हायला विरुद्ध संघाची गरज पडत नाही. तर 81व्या मिनिटाला न्वानेरीचा क्रॉस, मेरिनोचं डोकं, गोल. 87व्या मिनिटाला ट्रोसार्डचा पास, पुन्हा मेरिनो. दोन-शून्य.

जिंकलो आणि मला आनंद झाला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मित्राचा मेसेज शिट्टीच्या आधीच आला होता: "नारद!" मग त्याने सलूनातली सगळी हकीकत ग्रुपवर टाकली. मी दर सामन्याआधी ग्रुपवर लांबलचक विश्लेषण लिहितो, कोण जखमी, कोण कुणाच्या जागी. त्यावर आजवर कुणी साधा अंगठा दाखवलेला नाही. आता मी लिहायला घेतलं की खालून विचारणा येते, "ता ठीक, पण तात्या काय म्हणतत?" आमच्या गोलकीपरनेसुद्धा विचारलं. त्याने तरी नको होतं.

पुढच्या शनिवारी, 22 फेब्रुवारीला, घरच्या मैदानावर वेस्ट हॅम. आता मेरिनो सुरुवातीपासून पुढे. त्याच दिवशी आंगणेवाडीची जत्रा. देवीची जत्रा तिथीवर नसते, कौल लागेल तो दिवस, त्यामुळे तक्रार करणार कुणाकडे? रांगेत लाखाची गर्दी, मोबाईलला रेंज नाही, स्कोअरचं चक्र नुसतं फिरतंय. दर्शन घेऊन बाहेर आलो, जरा लांब जाऊन फोन उंच धरला, तेव्हा कळलं: शून्य-एक. त्यांच्या बोवेनचा गोल, वर आमच्या पोराला लाल कार्ड. मेरिनोचा पत्ताच नाही.

दुःख झालं, पण आत कुठेतरी गारही वाटलं. त्या तंद्रीत वळलो, तर खाज्याच्या दुकानासमोर तात्या. मी गर्दी कापत गेलो.

"तात्यानू, हरलो! तुमचो नारद आज पयल्यापासून राजा होतो. काय एक झाला नाय!"

तात्यांनी खाज्याचा तुकडा तोंडात टाकला, मला ओळखायला थोडा वेळ घेतला.

"अरे, ता एक रातीसाठी असता," ते म्हणाले. "रोज नारदाक मुकुट घातल्यार लोक उठान जातले नाय? ह्या माका इचारूक होया होता." मग जवळ येऊन आवाज खाली केला. "ता ऱ्हवांदे. त्या येसूचो गुडघो कसो असा?"

मी हात टेकले. "बरो नाय. ह्या वर्सात तरी काय खेळणा नाय."

"बघ," तात्या म्हणाले. "बांबोळीक न्हेल्यानी नाय, म्हणान."